ठमाबाईची बादली

आमच्या सूतिकागृहात बाळाचं वजन दोनदा व्हायचं. आधी ठमाबाईच्या हातावर आणि मग काट्यावर. बाळ पुसून हातात घेतलं की ठमाबाई क्षणभर डोळे मिटायची, हात जरासा वरखाली करायची आणि सांगायची, "दोन आठशे." काटा दोन किलो आठशेच दाखवायचा, फार तर वीसतीस ग्रॅम इकडेतिकडे. नव्याने आलेल्या सिस्टर तिच्याशी चहाची पैज लावायच्या आणि निमूटपणे तिला चहा पाजायच्या. एकदा ती चक्क दोनशे ग्रॅमने चुकली तेव्हा सगळा वॉर्ड हळहळला. तासाभराने कळलं की काट्याचा सेल उतरला होता.

ठमाबाई आमच्याकडची आया. आम्ही सगळ्या तिला मावशी म्हणायचो. माहेर घोटीच्या आतल्या बाजूचं, भातखाचरांचं. सासर मखमलाबादच्या भाजीच्या मळ्यातलं. पंधरा वर्षं तिने मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधल्या. नवरा गेल्यावर नाशिकरोडला आमच्या सूतिकागृहात लागली, ती साठ वर्षांची होईपर्यंत. "जुडी हलकी झाली की गिऱ्हाईक लगेच वळखतं, ताई. मंग हाताला शिकावंच लागतं," एवढंच ती या विद्येबद्दल सांगायची.

तिची दुसरी ख्याती स्वच्छतेची. ख्याती कसली, दरारा. बाळंतिणीच्या खाटेवर रक्ताचा एक डाग राहिलेला तिला खपत नसे. वार पडली, टाके झाले की कोमट पाणी, स्वच्छ पुसणं, नवी चादर, केस विंचरून वेणी, कपाळाला कुंकू, आणि मगच दार उघडून सासूला आत. सासूने पहिल्यांदा पाहावं ते सुनेचं हसरं तोंड, हा तिचा कायदा. या कायद्यामुळे कितीतरी बायकांनी तिला दुवा दिला आहे. तो कायदा माझ्या आड आला, म्हणून तर मी तिला खरी ओळखायला लागले.

मी शुभांगी. शिकले नर्सिंग, पण इथे आले ती एका ट्रायलची समन्वयक म्हणून. बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही म्हणून बायका दगावतात, आजही दगावतात. ते थांबवायचं एक औषध शिरेतून हळूहळू द्यावं लागतं. सुरगाण्या-पेठच्या पाड्यावरच्या एकट्या नर्सला शीर सापडेपर्यंत वेळ निघून जातो. तेच औषध नव्या रूपात दंडावर एका टोचणीत देता येईल का, आणि तेवढंच काम करेल का, हे आम्हाला पाहायचं होतं. संमती दिलेल्या प्रत्येक बाईला शिरेतही टोचायचं आणि दंडातही. दोन्हींपैकी एकात औषध, दुसऱ्यात नुसतं मिठाचं पाणी. कशात काय, ते आम्हालाही ठाऊक नसे. डब्यांवर फक्त नंबर.

आमच्याकडे काम एकच होतं. किती रक्त गेलं ते मोजायचं. बाळंतिणीच्या खाली रेघा आखलेली प्लास्टिकची पिशवी लावायची, आणि शिवाय भिजलेला प्रत्येक कपडा काट्यावर ठेवून त्यातून कोरड्या कपड्याचं वजन वजा करायचं. "डोळ्यांचा अंदाज नको, आकडा हवा," असं आमच्या डॉक्टर स्नेहल मॅडम दर सोमवारी बजावायच्या. मी सगळ्यांना शिकवलं, ठमाबाईलाही शिकवलं, आणि तिने मान डोलावली.

आठ महिन्यांनी पुण्याहून आकडे तपासणाऱ्यांची मेल आली. तुमचे आकडे दोन ढिगांत पडताहेत, कारण कळवा. मी नोंदी पाळीप्रमाणे लावून पाहिल्या. दुपारी आणि रात्री बायकांचं सरासरी साडेतीनशे मिली रक्त जात होतं आणि सकाळी दोनशे. सकाळची पाळी ठमाबाईची. झालं, वॉर्डभर बातमी पसरली की मावशीच्या हाताला गुण आहे. मावशी लाजली. आणि खरं सांगते, चांगली शिकलेली मी, पण मलाही दोन दिवस तसंच वाटत राहिलं. आपल्याकडचं काहीतरी चांगलं निघावं असं कोणाला वाटत नाही?

तिसऱ्या दिवशी सकाळपासून मी प्रसूतिकक्षात ठाण मांडलं. एक बाई मोकळी झाली. मी पिशवी वाचली, एकशे ऐंशी, आणि टेबलाशी जाऊन लिहायला लागले. लिहून वळले तर खाट लख्ख, बाईच्या कपाळाला कुंकू आणि बादली गायब.

"मावशी, कपडे कुठायत?"

"धुतले की."

"वजन न करता?"

"दोन ठेवलेत ना कोपऱ्यात, तुमच्या नियमाला."

नियमाला! आठ महिने ही बाई दर बाळंतपणाला दोन कपडे नियमाला म्हणून काट्याशी ठेवत होती आणि उरलेले सहा-सात आम्हाला दिसायच्या आत धुऊन टाकत होती. माझा राग नाकावर असतोच, त्या दिवशी तो वॉर्डभर झाला. "तुमच्यामुळे एकतीस बायकांचे आकडे वाया गेले!" मी ओरडले. ठमाबाईही काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती.

"मंग काय बाईला रक्तात लोळत ठिवू? तिची सासू बघंल, जाऊ बघंल, नाकाला पदर लावतील. जन्मभर तिच्या ध्यानात राहील ते. तुमच्या आकड्यापायी?"

"आकड्यापायी नाही, मावशी. आकडा खोटा असला तर कुचकामी औषधही चांगलं ठरेल. उद्या ते पाड्यावर जाईल. तिथली नर्स म्हणेल, टोचलंय, आता काळजी नाही. आणि बाई हातची जाईल. रक्त धुऊन टाकलं म्हणजे ते गेलंच नाही असं होतं का? डॉक्टरला स्वच्छ खाट दिसते आणि डॉक्टर फसतो!"

ठमाबाईचा चेहरा एकदम उतरला. ती स्टुलावर बसली.

"डॉक्टर फसतो?" तिने विचारलं.

"फसतो."

ती उठली आणि पाळी संपायच्या आधी घरी निघून गेली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, रुसली. मी माझा अहवाल लिहायला बसले, एकतीस नोंदी रद्द, कारण अमुक अमुक. मॅडमनी सही केली. वरून उत्तर आलं की तेवढ्या बायका नव्याने घ्या आणि काम पुढे चालू ठेवा.

दुसऱ्या दिवशी ठमाबाईने मला गच्चीच्या जिन्यात गाठलं. तिथून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. त्यांच्याकडे बघतच ती बोलली, माझ्याकडे नाही.

"माझी धाकटी बहीण, भागी. एकोणीस वर्सांची व्हती. पयलं बाळंतपण, माहेरी. मी मदतीला गेलते. पोरगी झाली, वार पडली, समदं नीट झालं. सुईण गेली आन् मंग रक्त जायाला लागलं. थांबंना. बा घोटीला गेला डॉक्टरला आणाया. आई म्हनली, ठमे, डॉक्टर येतोय, हे असं दिसाया नको. मी कपड्यांचं बोचकं बांधलं, कडंवर घेतलं, वढ्यावर नेऊन धुतलं. माघारी येते तं परत तेवढंच. परत धुतलं. नवी गोधडी टाकली. भागीचे केस इंचरले."

डॉक्टर मोटारसायकलवरून आला, ती सांगत होती. शेवटचा चढ गाडी ढकलत आला. त्याने नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं, रक्त फार गेलं का विचारलं. आई म्हणाली, जातं तेवढंच.

"मंग तो म्हनला, कपडे दाखवा. मी म्हनलं, धुतले, वाळत घातलेत. फुशारकीनं सांगितलं, ताई. त्यानं त्या स्वच्छ गोधडीकडं एकदा बघितलं, इंजेक्शन दिलं. म्हनला, परत जायाला लागलं तर निरोप धाडा, जीप आणतो, नाशिकला नेऊ. आन् गेला. निरोप पोचायच्या आत, दिवस मावळता मावळता भागी गेली."

पोरीला आजीने वाढवलं. पण ठमाबाईच्या वडिलांनी घोटीच्या भर बाजारात त्या डॉक्टरला आईबहिणीवरून शिव्या घातल्या, माझ्या भागीला मारलंस म्हणून. आजूबाजूच्या गावांनी त्याच्याकडे जाणं सोडलं. सहा महिन्यांत त्याने दवाखाना बंद केला.

"छत्तीस वर्सं झाली. घरात त्याचं नाव निघालं की आम्ही अजून बोटं मोडतो. काल तुम्ही म्हनला, डॉक्टर फसतो. मला रातभर एकच, त्याला फसवला कोणी?"

माझ्या तोंडाची मला लाज वाटली. मी फक्त एक कामाची गोष्ट बोलले होते, आणि ती या बाईच्या कुठे जाऊन लागली होती! मी तिचा हात धरला. तिने तो धरू दिला, मग सोडवून घेतला आणि कामाला गेली.

त्या दिवसापासून तिच्या पाळीतला एकही कपडा मोजल्याशिवाय धुतला गेला नाही. बाळंतिणीला ती पूर्वीसारखंच पुसायची, कुंकू लावायची, पण बादली झाकून काट्याशी ठेवायची. आणि माझ्या आधी स्वतः उचलून बघायची. "तीनशे दहा," ती म्हणायची. काटा तीनशे पाच.

दोनेक महिन्यांनी एके सकाळी आमच्याकडे स्वच्छतेचं तपासणी पथक येणार होतं. तपासणी म्हटलं की आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. कुंड्या रंगवून झाल्या, पडदे बदलले, इन्चार्ज सिस्टर हातात फिनेलची बाटली घेऊनच फिरत होत्या. स्नेहल मॅडम खाली पाहुण्यांच्या स्वागताला. त्या गडबडीत हर्षाली नावाची एक बाई बाळंत झाली. पिशवीत तीनशे मिली, आणि आकडा तिथेच थांबलेला. रंग जरा फिका, पण बोलत होती, बाळाकडे बघत होती. तिच्या खालचे कपडे अधूनमधून बदलले जात होते, दर वेळी वेगळ्या हातांनी, आणि बादलीत पडत होते.

"मावशी, पथक जिन्यात आलंय! बादली मागे न्या, फरशी पुसा," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या.

ठमाबाईने बादलीची कडी धरली, अर्धी उचलली आणि परत खाली ठेवली.

"ही जड हाय," ती म्हणाली.

"मागे नेऊन नंतर मोजा!"

"नाय. आधी मोजा."

नेमकी त्याच वेळी दार ढकलून हर्षालीची सासू, लंकाबाई, आत आली. बादली पाहून तिने नाकाला पदर लावला. "अगंबाई, हे काय उघडं ठेवलंय! झाका की ते. लोक येऊन राहिले." सत्तावीस वर्षं ठमाबाई जो क्षण टाळत आली होती, तोच हा क्षण. तिने लंकाबाईला हाताला धरून बादलीपर्यंत आणलं.

"झाकायचं नाय. नीट बघा. तुमच्या सुनंचं हाय हे."

आणि ती बादलीला दोन्ही हातांचा वेढा घालून फरशीवर बसली. इन्चार्ज सिस्टरनी कपाळाला हात लावला. मी कपडे एकेक करून काट्यावर टाकले. कोरडं वजन वजा जाता आठशे वीस, पिशवीतले तीनशे वेगळे. मी जिन्यातून धावत खाली गेले, पाहुण्यांच्या मधून मॅडमना ओढून वर आणलं.

आत खोलवर एक जागा फाटलेली होती. तिथून बारीक धार पिशवी चुकवून खालच्या कपड्यांत मुरत होती. मॅडमनी टाके घातले, रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या आणि पाचव्या दिवशी हर्षाली बाळाला घेऊन चालत घरी गेली. तपासणीच्या अहवालात आमच्यावर शेरा आला, 'प्रसूतिकक्षात रक्ताने माखलेल्या कपड्यांची बादली उघड्यावर आढळली, सुधारणा आवश्यक.' मॅडम म्हणाल्या, हा शेरा फ्रेम करून लावू. लावला नाही अर्थात.

आमची ट्रायल अजून चालू आहे. नवं इंजेक्शन चांगलं की नाही, हे कोणत्या नंबरच्या डब्यात काय होतं ते उघड होईल तेव्हा कळेल. ठमाबाई त्याच्या आधी निवृत्त झाली. निवृत्तीच्या आठवड्यात एका दुपारी ती कापडी पिशवी घेऊन माझ्याकडे आली. पिशवीत जुन्या लुगड्याची फाडलेली आठ धडपी होती आणि एक लहान गोधडी.

"काटा घेऊन गच्चीवर या," ती म्हणाली.

आधी तिने मला सगळं कोरडं तोलायला लावलं. मग चार धडपी बादलीतल्या पाण्यात भिजवली, बोचकं बांधलं आणि कडेवर घेतलं. डोळे मिटून उभी राहिली. "जास्ती झालं." बोचकं थोडं पिळलं, परत कडेवर घेतलं. परत पिळलं. "हां. एवढं व्हतं. ठिवा." वजा जाता नऊशे पन्नास. मग दुसरी खेप, उरलेली धडपी आणि गोधडी. तिला पाचसहा वेळा पिळावी लागली. आठशे नव्वद.

छत्तीस वर्षांपूर्वीच्या ओझ्याची आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळतं. ट्रायलमध्ये असला आकडा कोणी लिहिला असता तर मीच खोडला असता. पण हे हात मला ठाऊक होते. मी कागद घेतला. आमच्या कागदांवर बायकांची नावं नसतात, नंबर असतात. या कागदावर मी आधी नाव लिहिलं. भागीबाई, वय एकोणीस. मग आकडा, अठराशे चाळीस.

"हे त्याला दिसलं असतं तं?" ठमाबाईने विचारलं.

गेलीच असती हो मावशी, काही उपयोग नव्हता, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढं म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, आणि मलाही. पण म्हणजे आता मीच पुसायला निघाले होते.

"दिसलं असतं तर तेव्हाच जीपमध्ये घालून नेलं असतं," मी म्हणाले. "वाचली असती की नाही ते नाही सांगता येत. पण नेलं असतं."

ठमाबाई रडली. छत्तीस वर्षांत त्या डॉक्टरच्या नावाने ती अनेकदा रडली असेल, या वेळी स्वतःच्या नावाने रडली. मीही रडले. मग तिने धडपी पिळून गच्चीच्या दोरीवर घातली, हात पुसले आणि म्हणाली, "ताई, त्याला शोधायचा."

शोधायला फार वेळ लागला नाही. घोटीत एका जुन्या मेडिकलवाल्याने सांगितलं, मागच्या आळीत राहतात, मुलाकडे, पण कोणात मिसळत नाहीत. आम्ही गेलो तेव्हा म्हातारे डॉक्टर ओट्यावर खुर्चीत बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. सुनेने आम्हाला पाणी दिलं. ठमाबाईने पाणी प्यायच्या आधी आपल्या गावाचं नाव सांगितलं, भागीचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. त्याला वाटलं असेल, छत्तीस वर्षांनी पुन्हा शिव्या आल्या.

ठमाबाईने कागद पुढे केला. डॉक्टरांनी चष्मा चढवला.

"अठराशे चाळीस," त्यांनी वाचलं. "हे कोणी मोजलं?"

"मी. या महिन्यात. तवाचे कपडे मीच धुतले व्हते, डॉक्टर. तुमची चूक नव्हती. आमचा बा तुम्हाला नाय नाय ते बोलला, आम्ही समदे बोललो. मी माफी मागाया आले."

डॉक्टरांची नजर अजून कागदावरच होती. माफीचं त्यांच्या कानावर गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी चष्मा काढला, हळूच ठमाबाईकडे वाकले आणि दबक्या आवाजात विचारलं,

"म्हणजे मी कपडे मागितले होते ना? मला पुढं पुढं वाटायला लागलं, मी विचारलंच नसेल."

"मागितले व्हते," ठमाबाई म्हणाली. "मला पक्कं आठवतं. तुम्ही मागितले व्हते."